लिनक्सवरचं कमांड-लाइन टूल मॅक, अल्पाइन आणि विंडोजवर नेताना: शेअर्ड लायब्ररी जोडायच्या कशा

उबंटूवर बिनतक्रार चालणारं टूल मॅकवर कंपाइल होतं, लिंक होतं, चालतंही. झिप करून सहकाऱ्याला पाठवलं की मात्र त्याच्याकडे ‘लायब्ररी नॉट लोडेड’ येतं. त्याच टूलची लिनक्स बायनरी (कंपाइल होऊन तयार झालेली फाइल) अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये टाकली की शेल म्हणतो ‘नॉट फाउंड’, आणि एलएस केलं तर फाइल समोरच बसलेली. यावर सुचवले जाणारे उपाय बहुधा दोनच असतात: एखादं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा, नाहीतर सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) मारून मोकळे व्हा. दोन्हींनी तुमच्या मशीनवरचं दुखणं दबतं, बाकीच्यांचं तसंच राहतं.

कारण खरा प्रश्न वेगळा आहे. लिंक करताना बायनरीच्या पोटात लायब्ररीचं नाव लिहिलं जातं, आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम ते वेगळ्या रूपात लिहिते. लिनक्सवर सहसा फक्त छोटं नाव असतं, ते कुठं शोधायचं हे लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी आणून जोडणारा भाग) ठरवतो. मॅकवर बहुतेक वेळा अख्खा पाथ असतो. विंडोजवर नुसतं फाइलचं नाव असतं आणि शोध टूलच्याच फोल्डरपासून सुरू होतो. हा फरक नीट लक्षात ठेवला की बाकीच्या बऱ्याच एरर आपोआप उलगडतात.

उदाहरणासाठी सी भाषेतलं एक साधं टूल धरू, नाव ‘नोंदक’. जीझिप केलेल्या लॉग फाइल वाचतं, त्यांतल्या ओळी एसक्यूलाइटमध्ये भरतं आणि रीडलाइन वापरून प्रॉम्प्ट देतं. म्हणजे लायब्ररी तीन: झेडलिब, एसक्यूलाइट३ आणि रीडलाइन. या लेखात कमांड आणि पाथ उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे.

आधी बायनरीलाच विचारा

काहीही बदलण्याआधी बायनरी काय मागते ते बघा. लिनक्सवर ‘रीडएल्फ -डी नोंदक’ चालवा. येणाऱ्या यादीतल्या ‘नीडेड’ लिहिलेल्या ओळी महत्त्वाच्या:

नीडेड: लिबझेड.एसओ.१
नीडेड: लिबएसक्यूलाइट३.एसओ.०
नीडेड: लिबरीडलाइन.एसओ.८
नीडेड: लिबसी.एसओ.६

कुठेही पाथ नाही, फक्त नावं. याच यादीत ‘आरपाथ’ किंवा ‘रनपाथ’ (लायब्ररी शोधायच्या फोल्डरांची यादी) अशी ओळ आहे का तेही बघून ठेवा. नंतर ‘रीडएल्फ -एल’ चालवून ‘इंटरप्रिटर’ची ओळ वाचा. तिथं लोडरचा पाथ असतो. ६४ बिट इंटेल लिनक्सवर तो /लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ असा दिसतो.

यासाठी सगळे एलडीडी (बायनरीला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) वापरतात, आणि स्वतःच्या बायनरीवर ते ठीकच आहे. पण अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलवर ते चालवू नका. काही परिस्थितीत एलडीडी त्या फाइलमधला कोड प्रत्यक्ष चालवू शकतं. रीडएल्फ फक्त वाचतं.

मॅकवर हेच काम ‘ओटूल -एल’ करतं, त्यातला एल कॅपिटल. तिथं ओळी अशा दिसतील:

/यूएसआर/लिब/लिबझेड.१.डायलिब
/ऑप्ट/होमब्रू/ऑप्ट/रीडलाइन/लिब/लिबरीडलाइन.८.डायलिब

दुसऱ्या ओळीत सहकाऱ्याच्या मशीनवरच्या एररचं उत्तर आहे. त्याच्याकडे होमब्रू (मॅकवर पॅकेजं बसवणारं साधन) नाही, किंवा इंटेल मॅक आहे आणि होमब्रू /यूएसआर/लोकलमध्ये आहे. बायनरी मात्र /ऑप्ट/होमब्रूच मागणार.

लिंक करताना नाव येतं कुठून

‘-एलएसक्यूलाइट३’ म्हटलं की लिनक्सचा लिंकर लिबएसक्यूलाइट३.एसओ शोधतो. ही फाइल म्हणजे सिमलिंक असते आणि ती डेव्ह पॅकेजमधून येते. म्हणून प्रोग्राम चालवायला पुरेशी लायब्ररी मशीनवर असूनही ‘कॅनॉट फाइंड -एलएसक्यूलाइट३’ येऊ शकतं. डेबियन-उबंटूवर लिबएसक्यूलाइट३-डेव्ह, फेडोरावर शेवटी -डेव्हेल लावलेलं पॅकेज, अल्पाइनवर एसक्यूलाइट-डेव्ह. होमब्रू आणि फ्रीबीएसडीमध्ये अशी वेगळी पॅकेजं नसतात.

सिमलिंकच्या टोकाला खरी फाइल असते. डेबियन-उबंटूवर वर्षानुवर्षं तिचं नाव लिबएसक्यूलाइट३.एसओ.०.८.६ होतं, आणि एसक्यूलाइटची आवृत्ती मात्र ३ च्या पुढची. या आकड्यांचा आवृत्तीशी संबंध नाही, ते बायनरी सुसंगततेचे आकडे आहेत. लिंकर या दोन्ही नावांपैकी एकही उचलत नाही. तो लायब्ररी उघडून तिच्या आत लिहिलेलं ‘एसओनेम’ वाचतो आणि तेच तुमच्या बायनरीत उतरवतो.

मॅकवर या जागी ‘इन्स्टॉल नेम’ असतं. तुम्ही लायब्ररी कुठल्या फोल्डरमधून लिंक केली याला किंमत नाही. तिने स्वतःचा पत्ता म्हणून जे सांगितलं आहे ते कॉपी होतं. लायब्ररीची प्रत आपल्या फोल्डरमध्ये आणून तिच्याशी लिंक केलं तरी ओटूल जुनाच पाथ दाखवतं, त्याचं कारण हे.

स्वतःची लायब्ररी बनवत असाल तर हे नाव तुम्हालाच द्यावं लागतं. लिनक्सवर ‘-शेअर्ड -एफपिक’सोबत लिंकरला ‘-एसओनेम’ द्या. मॅकचा लिंकर हा पर्याय ओळखत नाही; तिथं ‘-डायनॅमिकलिब’ आणि ‘-इन्स्टॉल_नेम @आरपाथ/लिबमाझी.१.डायलिब’. लिनक्सवर एसओनेम द्यायचं राहिलं आणि लायब्ररी पाथ देऊन लिंक केली, तर तो पाथच नीडेडमध्ये जाऊन बसतो. मग ती बायनरी तुमच्या बिल्ड फोल्डरबाहेर चालत नाही.

आणखी एक फरक पोर्टिंगमध्ये हमखास भेटतो. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररीत न सुटलेली सिंबॉल (फंक्शन किंवा व्हेरिएबलची नावं) राहिली तरी लिंकर गप्प बसतो. मॅक आणि विंडोज तिथंच अडवतात. त्यामुळे लिनक्सवर ‘झालेलं’ काम मॅकवर डझनभर एरर देतं आणि दोष मॅकला दिला जातो. लिनक्सवरच ‘-डब्ल्यूएल,-झेड,डेफ्स’ लावून बिल्ड करत जा, म्हणजे हा हिशेब घरीच मिटतो.

क्रम, आणि मेकफाइलमधली जागा

मॅकवर लिहिलेली मेकफाइल उबंटूवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ देत असेल तर आधी क्रम बघा. उबंटूवर लिंकर मुळातच ‘-ॲज-नीडेड’ या पद्धतीने चालतो: ज्या क्षणी लायब्ररी समोर येते तोपर्यंत तिची गरज कुणाला लागली नसेल, तर तो ती सोडून देतो. म्हणून ऑब्जेक्ट फाइल आधी, लायब्ररी नंतर. मॅकच्या लिंकरला या क्रमाचं सोयरसुतक नाही.

मेकच्या अंगभूत नियमांत एलडीफ्लॅग्ज ऑब्जेक्ट फाइलच्या आधी येतं आणि एलडीलिब्ज नंतर. लायब्ररींची नावं एलडीलिब्जमध्ये, फोल्डर आणि लिंकरचे पर्याय एलडीफ्लॅग्जमध्ये. एवढी शिस्त पाळली तरी अर्धी भांडणं मिटतात.

नावं हाताने लिहिण्यापेक्षा पॅकेज-कॉन्फिगला विचारलेलं बरं: ‘पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्ज एसक्यूलाइट३ रीडलाइन झेडलिब’. मॅकवर एक खोच आहे. होमब्रू एसक्यूलाइट, रीडलाइन आणि झेडलिब या तिन्ही लायब्ररी नेहमीच्या जागी जोडत नाही, कारण सिस्टिममध्ये त्याच नावाचं काहीतरी आधीपासून असतं. त्यांचे /ऑप्ट/होमब्रू/ऑप्ट/रीडलाइन/लिब/पीकेजीकॉन्फिगसारखे फोल्डर पीकेजी_कॉन्फिग_पाथमध्ये घालावे लागतात.

रीडलाइनबाबत ही काळजी जास्तच घ्या. मॅक रीडलाइन या नावाखाली प्रत्यक्षात लिबएडिट ही वेगळी लायब्ररी देतो. हेडर सापडतं, ‘-एलरीडलाइन’ही चालतं, साधा प्रॉम्प्ट येतो. पण खास ग्नू रीडलाइनची फंक्शन वापरली असतील तर ती तिथं नसतात. लिबएडिटवर भागत असेल तर तसं ठरवून करा, नकळत नको.

एकच फंक्शन, वेगवेगळी घरं

मेकफाइलमध्ये ‘-एलडीएल -एलआरटी -एलपीथ्रेड -एलएम’ अशी ओळ बऱ्याच जुन्या प्रोजेक्टमध्ये असते. यांतलं काय कुठं चालतं?

मॅकवर -एलआरटी चालत नाही, अशी लायब्ररीच तिथं नाही. क्लॉक_गेटटाइमसाठी ती लागायची, पण ते फंक्शन ग्लिबसीमध्येही (उबंटूसारख्या बहुतेक लिनक्सवरची सी लायब्ररी, म्हणजे लिबसी) २.१७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ च्या अखेरीपासून, मूळ लिबसीमध्ये आहे. डीएल, पीथ्रेड आणि एम ही नावं मॅक मान्य करतो, सगळी शेवटी लिबसिस्टिमकडेच जातात. ग्लिबसी २.३४ (ऑगस्ट २०२१) पासून लिनक्सवरही पीथ्रेड आणि डीएल लिबसीमध्ये विलीन झाले. अल्पाइनवरच्या मसल या लिबसीमध्ये सगळं एकाच फाइलमध्ये असतं आणि बाकीच्या नावांच्या रिकाम्या फाइल केवळ जुन्या मेकफाइलची समजूत काढायला ठेवल्या आहेत.

उलट्या बाजूने आयकॉन्व्ह. ग्लिबसी आणि मसलमध्ये ते आतच आहे, मॅकवर -एलआयकॉन्व्ह द्यावं लागतं. गेटटेक्स्टसाठी मॅकवर -एलइंटएल. अर्गपी आणि एफटीएस ग्लिबसीमध्ये आहेत, मसलमध्ये नाहीत. अल्पाइनवर त्यासाठी अर्गपी-स्टँडअलोन आणि मसल-एफटीएस ही पॅकेजं मिळतात.

ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव तपासून याच्या अटी लिहू नका. ‘हे फंक्शन लिंक होतं का’ हे तपासा. ऑटोकॉन्फमध्ये त्यासाठी एसी_सर्च_लिब्ज आहे: आधी काहीच न जोडता बघतं, मग दिलेली लायब्ररी जोडून. सीमेकमध्ये थ्रेडसाठी थ्रेड्स::थ्रेड्स आणि डीएलसाठी सीमेक_डीएल_लिब्ज वापरा.

लायब्ररी सोबत द्यायची असेल तर

नोंदकसोबत लायब्ररी पाठवायच्या असतील तर रचना साधी ठेवा: बिन फोल्डरमध्ये टूल, शेजारच्या लिब फोल्डरमध्ये लायब्ररी. मग टूलला सांगायचं, ‘स्वतःच्या जागेपासून बघ’.

लिनक्सवर त्यासाठी रनपाथमध्ये $ओरिजिन/../लिब लिहायचं. ही लिहिण्याची जागाच फसवी आहे. शेलमध्ये ते एकेरी अवतरणात हवं, नाहीतर शेल त्याला स्वतःचं व्हेरिएबल समजून पुसून टाकतो. मेकफाइलमध्ये एकेरी अवतरणही पुरत नाही, डॉलर दोनदा लिहावा लागतो. एकच लिहिला तर मेक पहिलं अक्षर व्हेरिएबलचं नाव धरून खातं आणि रीडएल्फमध्ये रनपाथ म्हणून ‘रिजिन/../लिब’ दिसतं. असं डोकं उडालेलं नाव दिसलं की कुठं बघायचं ते कळलंच.

दुसरी अडचण जास्त वेळ खाते. टूलचा रनपाथ फक्त टूलने थेट मागितलेल्या लायब्ररींना लागू होतो. उबंटूवर लिबरीडलाइन स्वतः लिबटिइन्फो.एसओ.६ मागते. ती तुम्ही शेजारी ठेवली तरी लोडर ती शोधताना टूलचा रनपाथ बघत नाही, लिबरीडलाइनचा बघतो, आणि तिचा रनपाथ रिकामा असतो. म्हणून सोबत दिलेल्या प्रत्येक लायब्ररीवर ‘पॅचएल्फ --सेट-आरपाथ’ने $ओरिजिन लावा. जुना ‘आरपाथ’ पुढच्या लायब्ररींनाही लागू व्हायचा. जुने लेख वाचून केलेलं काम नव्या लिंकरवर फसतं ते यामुळे. ग्लिबसी स्वतः मात्र कधीही सोबत देऊ नका. लोडर आणि लिबसी ही एकमेकांशी जुळलेली जोडी असते, त्यातलं एक घरचं आणि एक बाहेरचं झालं की क्रॅश ठरलेला.

मॅकवर $ओरिजिनच्या जागी @लोडर_पाथ. कमांड अशी:

इन्स्टॉल_नेम_टूल -चेंज [ओटूलने दाखवलेला जुना पाथ] @लोडर_पाथ/../लिब/लिबरीडलाइन.८.डायलिब बिन/नोंदक

लिब फोल्डरमधल्या डायलिबवरही हेच करायचं: ‘-आयडी’ने तिचं स्वतःचं नाव, ‘-चेंज’ने तिच्या आतले होमब्रूचे पाथ. /यूएसआर/लिब आणि /सिस्टिमने सुरू होणाऱ्या ओळींना हात लावायचा नाही. गंमत म्हणजे त्या फाइल एलएसने शोधल्या तर सापडणारही नाहीत. २०२० च्या बिग सरपासून सिस्टिमच्या लायब्ररी डिस्कवर सुट्या नसतात, एका मोठ्या सामायिक कॅशमध्ये असतात. त्यामुळे ‘फाइल आहे का’ तपासणाऱ्या स्क्रिप्ट तिथं खोटं बोलतात.

नवा पाथ जुन्यापेक्षा लांब असेल तर इन्स्टॉल_नेम_टूल जागा नाही म्हणून नकार देऊ शकतं. लिंक करतानाच ‘-हेडरपॅड_मॅक्स_इन्स्टॉल_नेम्स’ दिलं की हेडरमध्ये ऐसपैस जागा राहते.

आणि सही. ॲपल सिलिकॉनवर प्रत्येक बायनरीला निदान तात्पुरती सही लागतेच. पाथ बदलला की सही मोडते, आणि टूल चालवल्यावर फक्त ‘किल्ड’ दिसतं, कारण नाही, काही नाही. सगळे बदल झाल्यावर प्रत्येक डायलिबवर आणि शेवटी टूलवर ‘कोडसाइन --फोर्स --साइन -’ चालवा. शेवटची ती आडवी रेघ विसरायची नाही, तात्पुरती सही म्हणजे तीच.

डीवायएलडी_लायब्ररी_पाथ वापरून हे सगळं टाळता येईल असं वाटतं. पण /बिन/एसएचसारख्या संरक्षित प्रोग्राममधून गेलं की मॅक डीवायएलडी_ ने सुरू होणारी व्हेरिएबल काढून टाकतो. २०१५ च्या एल कॅपिटनपासून असंच आहे. म्हणजे टर्मिनलवर चालतं आणि स्क्रिप्टमधून नाही.

ग्लिबसीची आवृत्ती

उबंटू २२.०४ वर बनवलेला नोंदक २०.०४ वर नेला तर ‘व्हर्जन ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड’ येतं. २२.०४ मध्ये ग्लिबसी २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. टूलमध्ये नवं असं एकही फंक्शन वापरलेलं नसलं तरी हे होतं, कारण प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच २.३४ मध्ये नवी आवृत्ती मिळाली. अगदी ‘हॅलो वर्ल्ड’सुद्धा यातून सुटत नाही. २.३८ मध्येही असाच झटका आहे: सी++ मध्ये, किंवा ग्नू_सोर्स जाहीर करून, स्ट्रटोल वापरलं की त्याचं नवं रूप लिंक होतं. उबंटू २४.०४ वर (ग्लिबसी २.३९) असं बनवलेलं टूल डेबियन १२ वर (२.३६) अडतं ते यामुळे.

‘ऑब्जडंप -टी’ (टी कॅपिटल) चालवून कोणतं सिंबॉल कोणती आवृत्ती मागतं ते बघता येतं. उपाय मात्र एकच खात्रीचा: जिथं चालवायचं आहे त्यांतल्या सगळ्यात जुन्या सिस्टिमवर, किंवा तिच्या कंटेनरमध्ये, बिल्ड करा. जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं. उलटं चालेलच असं नाही.

लिबएसएसएल.एसओ.१.१ मागणाऱ्या टूलसाठी लिबएसएसएल.एसओ.३ ला त्या नावाची सिमलिंक मारणं हा याच्याच शेजारचा प्रकार. एसओनेम बदललं याचा अर्थच ‘आता हे पूर्वीसारखं नाही’. सिमलिंक म्हणजे दुसऱ्याच्या ओळखपत्रावर आपला फोटो चिकटवण्यासारखं: गेटवर चालून जाईल, आत गेल्यावर काय होईल सांगता येत नाही.

अल्पाइन, आणि थोडं फ्रीबीएसडी

अल्पाइनवरच्या ‘नॉट फाउंड’चा अर्थ आता लागेल. न सापडलेली फाइल नोंदक नाही, त्याने मागितलेला लोडर आहे. अल्पाइनमध्ये मसल असतं आणि त्याचा लोडर /लिब/एलडी-मसल-एक्स८६_६४.एसओ.१. ग्लिबसीची नक्कल करणाऱ्या जीकॉम्पॅट पॅकेजने काही बायनरी चालतात, पण त्यावर उत्पादन उभं करू नये असं माझं मत आहे. अल्पाइनच्या कंटेनरमध्येच नव्याने बिल्ड करा. टूलमध्ये थ्रेड असतील तर मसलचा मूळ स्टॅक १२८ केबीच असतो हेही ध्यानात असू द्या, लिंकिंग नीट होऊनही क्रॅश होतो तो यामुळे.

फ्रीबीएसडीवर पॅकेजं /यूएसआर/लोकलमध्ये जातात आणि तिथला कंपाइलर आपणहून तिकडे बघत नाही, -आय आणि -एल (दोन्ही कॅपिटल) हे पर्याय द्यावे लागतात. ग्नू मेकला तिथं जीमेक म्हणतात.

विंडोज

इथं रनपाथ नावाची गोष्टच नाही. डीएलएल शोधताना टूलचं स्वतःचं फोल्डर आधी, मग सिस्टिमची फोल्डरं, शेवटी पाथ. म्हणून सगळ्या डीएलएल ईएक्सईच्या शेजारी ठेवायच्या, विषय संपला. एमएसवायएस२ मध्ये (विंडोजवर ग्नूची साधनं देणारं वातावरण) बिल्ड करत असाल तर यूसीआरटी६४ चं शेल उघडा. एमएसवायएसच्या शेलमध्ये बनवलं तर टूल एमएसवायएस-२.०.डीएलएल मागत बसेल. ‘ऑब्जडंप -पी’ने डीएलएलची नावं काढा. तुम्ही कधीच न मागितलेली लिबविनपीथ्रेड-१.डीएलएल त्यांत दिसू शकते, तीही सोबत द्यायची.

लिंकिंगच्या पलीकडची एक गोष्ट: एका डीएलएलने वाटप केलेली मेमरी दुसऱ्या सी रनटाइमने मोकळी करायची नाही. लिनक्सवर सगळ्यांचं लिबसी एकच असल्याने ही सवय अंगात नसते. तुमची लायब्ररी मेमरी देत असेल तर ती मोकळी करणारं फंक्शनही तिनेच द्यावं.

सरळ स्टॅटिक का नाही?

मसलवर पूर्ण स्टॅटिक (सगळ्या लायब्ररी आतच घेतलेली) बायनरी छान बनते आणि कुठल्याही लिनक्सवर चालते. मला लहान टूलसाठी हाच मार्ग सगळ्यात पसंत आहे. ग्लिबसीवर नको: नावावरून पत्ता शोधणारी गेटॲड्रइन्फोसारखी फंक्शन आली की लिंकरच इशारा देतो, की चालवताना हीच ग्लिबसी शेअर्ड रूपात लागेल. मॅकवर पूर्ण स्टॅटिक बनतच नाही; तिथं फक्त बाहेरच्या लायब्ररींच्या .ए फाइल थेट नावाने देऊन त्या आत ओढता येतात. परवान्याकडेही बघा. एसक्यूलाइट आणि झेडलिबला हरकत नाही, पण रीडलाइन जीपीएलखाली आहे. ती जोडून टूल वाटलं तर, स्टॅटिक असो वा शेअर्ड, जीपीएलच्या अटी तुमच्या टूललाही लागतात.

तपासणी

स्वतःच्या मशीनवरची तपासणी इथं कुचकामी, कारण तिथं सगळ्या लायब्ररी आधीच असतात. लिनक्ससाठी काहीही इन्स्टॉल न केलेला जुना कंटेनर घ्या. मॅकवर नवं युजर अकाउंट पुरत नाही, /ऑप्ट/होमब्रू त्यालाही दिसतं. होमब्रू नसलेलं व्हर्च्युअल मशीन हवं. लायब्ररी कुठून उचलली हे बघायला ग्लिबसीवर ‘एलडी_डीबग=लिब्ज’ आणि मॅकवर ‘डीवायएलडी_प्रिंट_लायब्ररीज=१’ लावा. कोडमधून डीएलओपनने उघडलेल्या लायब्ररी एलडीडी किंवा ओटूलच्या यादीत कधीच येत नाहीत, त्या फक्त इथं दिसतात.

आणि बिल्ड सर्व्हरवर शेवटी एक ग्रेप लावून ठेवा. लिनक्सच्या बायनरीसाठी रीडएल्फच्या यादीत /होम, मॅकच्या बायनरीसाठी ओटूलच्या यादीत /ऑप्ट/होमब्रू किंवा /यूएसआर/लोकल सापडलं, तर बिल्ड तिथंच नापास करायचा.